जांभळ्या अळंबीची नावं

आमच्या भागात जांभळा रंग दिसला की माणूस आधी नाल्याकडे बघतो. अंबरनाथला शिवमंदिराजवळून वाहणारं पाणी मी लहानपणी लाल, निळं, हिरवं अशा सगळ्या रंगांत पाहिलं आहे, आणि उल्हासनगरला जीन्स धुणाऱ्यांच्या गल्लीत तर गटारसुद्धा निळं असायचं. त्यामुळे आईने पदरातली जांभळी अळंबी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ओतली तेव्हा अण्णांनी चहाचा कप खाली न ठेवताच निकाल देऊन टाकला.

"कंपनीचं पाणी प्यायलेली आहे ती. फेकून दे."

अण्णा म्हणजे माझे वडील. आनंदनगरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. नमुन्याच्या पट्टीशी तयार मालाचा रंग जुळतो की नाही हे बघण्याचं त्यांचं काम. आयुष्यभर ते केल्यामुळे जगातल्या कुठल्याही रंगावर शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत झालेली होती. आईची साडी असो नाहीतर दुकानातलं वांगं, अण्णा डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "थोडा लाल जास्त मारतोय." मला याचा फार राग यायचा, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असत.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. अंबरनाथची चाळ सोडून आम्ही बदलापूरला, खरवईत नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. इमारत नवी, पण तिच्या मागे गाव जसंच्या तसं होतं. एक जुना गोठा, त्याच्या शेजारी कुजलेल्या पेंढ्याचा आणि शेणाचा ढीग, बांबूचं बेट आणि दोन आंब्याची झाडं. आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि रस्त्यावर चालण्यापेक्षा तिला या ढिगाऱ्यांमध्ये हिंडणं जास्त आवडायचं. पाऊस ओसरत आला होता, नवरात्र तोंडावर होतं. अशाच एका सकाळी ती पदराची ओटी करून घरी आली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी हातातला कंगवा तसाच ठेवून उठले.

टोपी जांभळी, देठ जांभळा, टोपीखालचे पडदेसुद्धा जांभळे. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून उल्हासनगरच्या एका कॉलेजात घड्याळी तासांवर शिकवत होते. पाठ्यपुस्तकात असली अळंबी मी पाहिली होती, पण ती थंड देशातली म्हणून. आपल्या घराच्या मागे ती उगवेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"ही खातात," आई म्हणाली. "मी खाल्लीय. लहानपणी, पुष्कळदा."

"आमच्याकडे असलं कधी शिजलं नाही," अण्णा म्हणाले आणि उठले.

ते उठले म्हणजे विषय संपला असं नव्हे. ते आतून एक पांढराशुभ्र रुमाल आणि स्टीलच्या वाटीत कढत पाणी घेऊन आले. एक टोपी त्यांनी रुमालावर घासली, खूप जोर लावून घासली. मग तुकडा करून पाण्यात टाकला आणि घड्याळाकडे बघत बसले. रुमाल ओला झाला, थोडा मातकट झाला, पण जांभळा काही झाला नाही. पाणीही फक्त फिकट तपकिरी झालं. कारखान्याचा रंग असता तर वाटीत शाईच दिसली असती, हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"पक्का रंग आहे," मी म्हटलं. चिडवायची संधी मी सोडत नसे.

"पक्का असो नाहीतर कच्चा, घरात नको," म्हणून ते आंघोळीला गेले. आईने वर्तमानपत्राची टोकं एकमेकांवर दुमडली. तिने ती फेकली नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीमागे ठेवली.

दुपारी मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पावसात वारुळांवर पांढरी अळंबी यायची. ती भल्या पहाटे शोधायला तिच्या वस्तीतलीच माणसं जायची, कारण जंगल त्यांनाच ठाऊक. पण ती पांढरी अळंबी वस्तीत शिजत नसे. टोपली भरून ती गावात जायची, मोठ्या घरांच्या मागच्या दारी. बदल्यात मूठभर तांदूळ नाहीतर शिळं काहीतरी. पाऊस सरता सरता ढिगाऱ्यांवर ही जांभळी यायची. तिला गावातलं कुणी हात लावत नसे. वस्तीतली माणसं ती आपल्या घरी आणून खायची.

"आणि गावात तिला काय म्हणायचे ठाऊक हाय?" आई म्हणाली. आवाज तिने खाली आणला, घरात दुसरं कुणी नव्हतं तरी. "म्हारअळंबी."

आमच्या घरात तो शब्द कधी उच्चारला जात नव्हता. माझ्या आजोबांच्या पिढीने छप्पन साली धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, आणि त्याबरोबर तो शब्दही उंबऱ्याबाहेर ठेवला. मला तो माहीत होता, पण आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. एका भाजीला चिकटलेला.

"चांगली लागायची गं," ती म्हणाली. "माझी आई करायची. ती गेल्यापासून मी खाल्ली नाय. पण चांगली लागायची, असं सांगायचं कुणाला? वस्तीतल्या बाया म्हणायच्या, आता आपण बुद्ध झालो, ते जुनं बोलू नको. आणि इथं सांगितलं तर नाव इचारतील."

मग तिने तिला काय हवं आहे ते सरळ सांगून टाकलं. आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे नीट लक्षात आहे. तिला ती अळंबी या घरात, या नव्या ओट्यावर शिजवायची होती. चोरून नाही, अण्णा कामावर गेल्यावर नाही. अण्णांनी तिच्या शेजारी बसून खायला हवी होती. एकटीने खायची तर नकोच, असं तिचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, आधी ती विषारी नाही याची खात्री करू. हे मी शिकलेपणाने म्हटलं आणि तिने ते मानलं. "तुझ्या सरांना इचार," ती म्हणाली.

माझे सर सिंधी होते, विभागप्रमुख. उल्हासनगरच्या कॅम्पातच वाढलेले, त्यामुळे मराठी, हिंदी आणि सिंधी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात घेऊन चालत. मी डब्यातली अळंबी त्यांच्या टेबलावर ठेवली तर ते खुर्चीवरून अर्धे उठले.

"अरे मॅडम, ये कहां से उठा के लाई? हे तर लेपिस्टा आहे!"

त्यांनी सांगितलं की त्यांची आई पावसाळ्यात बाजारातून अळंबी आणायची, तिला सिंधीत खुंभी म्हणतात, पण जांभळी खुंभी त्यांनीही कधी पाहिली नव्हती. मग लगेच सर पुन्हा सर झाले. जांभळ्या रंगाची दुसरी एक अळंबी असते, तिचे बीजाणू गंजासारखे तपकिरी पडतात, आणि त्या जातीतल्या काही जीवघेण्या असतात. म्हणून आधी बीजाणूंचा ठसा घ्यायचा, मग बोलायचं. एक टोपी आम्ही अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घातली, वर बीकर झाकला आणि दुसऱ्या दिवशी उचलला. कागदावर नाजूक फिकट गुलाबी रेषा उमटल्या होत्या. तपकिरी नाही. सरांनी मला ते भिंगातून तीनतीनदा बघायला लावलं.

मला वाटलं, झालं. पण खरं भांडण तिथून सुरू झालं. आमच्या विभागात आणखी एक मॅडम होत्या, वाचन दांडगं आणि स्वभाव त्याहून दांडगा. त्या म्हणाल्या, लेपिस्टा हे नाव आता जुनं झालं, हिला क्लायटोसायबी म्हणायला हवं, नवी पुस्तकं बघा. सर म्हणाले, नवी पुस्तकं लिहिणाऱ्यांना गुलाबी ठसा दिसत नाही का? मॅडम म्हणाल्या, ठसा एवढाच निकष धरला तर उद्या माणसांचीही विभागणी अंगठ्याच्या ठशावरून कराल. स्टाफरूममध्ये चहा थंड होत होता. गणिताचे एक सर आपला डबा उचलून शेजारच्या खोलीत निघून गेले.

"बघ बेटा," सर मला म्हणाले, मॅडम तासाला गेल्यावर. "पहिल्यांदा हिला अगॅरिकसमध्ये टाकलं. मग कुणी म्हणालं ट्रायकोलोमा. मग लेपिस्टा. आता क्लायटोसायबी. आणि ही तुझी वाली थोडी बारीक आहे, तर वो जो बड़ी वाली है, वही है का उसकी छोटी बहन, हे पण अजून पक्कं नाही. हिला विचारलं का कुणी?"

"मग खायची की नाही?" मी विचारलं. माझ्या घरी जे अडलं होतं ते यातल्या कुठल्याच नावाने सुटणार नव्हतं.

"खाने का है तो अच्छे से पका के. कच्ची बिलकुल नाही. पहिलं पाणी फेकून द्यायचं, आणि पहिल्या वेळी थोडीच. दुसऱ्या ढिगावरची आणलीस तर पुन्हा दाखव. नुसता जांभळा रंग बघून कुणी खात सुटलं तर मरेल."

संध्याकाळी मी घरी हे सगळं सांगितलं. आईला ठशाची गोष्ट आवडली, पण तिचं कुतूहल भलतीकडेच गेलं.

"म्हणजे तीनदा नाव बदललं तिचं?"

"तीनदा तरी."

"आणि कोण बदलतं?"

"शास्त्रज्ञ. अभ्यास करून, कारण देऊन."

"मग लोक जुन्या नावाने हाक मारत नाहीत?"

"काही मारतात," मी म्हटलं. "आमचे सर मारतात."

अण्णा बातम्या बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं आता ते रंगावर काहीतरी बोलतील, पण त्यांनी पहिल्यांदाच खरं कारण काढलं.

"समोरच्या वहिनी मुरबाडकडच्या आहेत," ते आईला म्हणाले. "तुला माहीत आहे. त्यांना ती ओळखू येईल. तिचं नाव पण ठाऊक असेल. ह्या बिल्डिंगमध्ये आपल्याला येऊन वर्ष झालं नाही. कुणी काही विचारत नाही, बरं चाललंय. तू ती भाजी शिजवणार, वास जिन्यात जाणार, आणि मग ते नाव आपल्या दारावर लागणार. पाटीसारखं."

समोरच्या दारातल्या त्या वहिनी म्हणजे एका कारखान्यात अधिकारी असलेल्या गृहस्थांची बायको. माहेरी मोठी शेतीवाडी. स्वभावाने चांगल्या, अगदी मोकळ्या. आईला विरजण लागलं की त्यांच्याकडे जायचं आणि त्यांना किल्ली ठेवायची झाली की आमच्याकडे, असा रोजचा व्यवहार. त्यांनी आम्हाला कधी जात विचारली नव्हती. आमच्या हॉलमधली बुद्धाची मूर्ती बघून ती त्यांना कळलीच होती, हे उघड आहे. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं, आणि अण्णांचं सगळं नवं घर त्या दोहोंच्या मधल्या जागेत उभं होतं.

"ते सगळं आपण नावासकट टाकून आलो," अण्णा म्हणाले. "पुन्हा उचलायचं कशाला?"

आई एरवी अशा वेळी गप्प बसायची. त्या दिवशी बसली नाही.

"मेलेलं ढोर टाकलं, बरं केलं. मी कधी म्हटलं का, आणा? पण हे ढोर नाय. ही पावसात उगवलेली भाजी हाय. तिला त्यांनी नाव ठेवलं, त्यात तिचा काय दोष? नाव टाका ना तुम्ही. माझ्या आईच्या हातचं कशाला टाकायला लावता?"

मी आईच्या बाजूने होते. बोललेही, जरा जास्तच बोलले. शिकलेल्या मुलीला आईबापांच्या भांडणात भाषण करायची खोड असते. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांची भीतीही कळत होती. वर्षानुवर्षं पाळ्या करून त्यांनी हे दार मिळवलं होतं. त्या दाराबाहेर त्यांच्या आडनावाची पितळी पाटी होती, ती ते दर रविवारी चिंचेने पुसत.

"शिजव तुला शिजवायची तर," शेवटी ते म्हणाले. "मी बसणार नाही."

म्हणजे परवानगी मिळाली आणि जे हवं होतं तेवढं नेमकं मिळालं नाही. आईने पहिली अळंबी तशीच राहू दिली. ती फ्रिजमध्ये काळी पडली आणि मी ती मुकाट्याने टाकून दिली.

नवरात्रात पाऊस पुन्हा एकदा येऊन गेला आणि ढिगावर नवी अळंबी फुटली. ही आईने आणली ती माझ्याकडे न बघता आणली, पदर भरून, जिन्यावरून सरळ वर. मी त्यातली एकेक उलटी करून बघितली, सरांनाही नेऊन दाखवली. सगळ्या त्याच, त्याच ढिगावरच्या, ठसाही तोच. मी आईला हो म्हटलं.

तो शुक्रवार होता. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून अण्णा घरी होते. मला वाटलं होतं की आई ते नसतानाचा दिवस निवडेल. तिने मुद्दाम ते असतानाचा निवडला. माझे सकाळचे तास संपवून मी दुपारी घरी आले तेव्हा ओट्यावर सगळं मांडलेलं होतं. तिने अळंबी देठापासून उभी फाडली, उकळत्या पाण्यातून काढली, ते पाणी सिंकमध्ये ओतून टाकलं. मग तेलात चिरलेली लसूण, कांदा, हळद, घरचा लाल मसाला, वरून आमसुलं. शिजताना जांभळा रंग जातो आणि भाजी राखाडी तपकिरी दिसते, हे मला पुस्तकाने सांगितलं नव्हतं. वास मात्र असा सुटला की मला भूक नसताना भूक लागली. तांदळाच्या भाकऱ्या तिने आधीच करून ठेवल्या होत्या.

अण्णा हॉलमध्ये खुर्चीत पेपर वाचत होते. पेपरचं तेच पान ते बराच वेळ वाचत होते.

बेल वाजली. मी दार उघडलं तर समोरच्या वहिनी. देवीला निघाल्या होत्या, किल्ली ठेवायला आल्या होत्या. नऊ दिवसांचे उपास करायच्या त्या, हातात पूजेचं ताट होतं. "वास कसला छान येतोय," म्हणत त्या सवयीने आत आल्या. दाराशेजारीच, सरांसाठी बाजूला काढलेली पाचसहा जांभळी अळंबी वर्तमानपत्रावर पसरलेली होती. त्यांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला.

"अगंबाई! किती वर्षांनी बघतेय! ही तर म्हा..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. मोकळा हात तोंडाकडे गेला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात पळी. तिच्या चेहऱ्यावर मला कसलाही राग दिसला नाही, फक्त थकवा दिसला.

"लेपिस्टा," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. कुणी लक्ष दिलं नाही, आणि कुणी द्यावं अशी ती वेळही नव्हती.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. गावात लहानपणी ऐकलेलं नाव ओठांवर आलं, एवढंच. पण आलं होतं, ते आम्ही चौघांनी ऐकलं होतं, आणि आता ते परत कुठे ठेवायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. मी अण्णांकडे बघू शकत नव्हते. जे व्हायला नको म्हणून त्यांनी एवढा हट्ट धरला होता, ते त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी झालं होतं.

अण्णांनी पेपरची घडी केली. नीट, कडेला कड जुळवून. मग ते उठले.

"अळंबी आहे, वहिनी," ते म्हणाले. "आमच्याकडची. बसा, आम्ही जेवायलाच बसतोय."

"भाऊ, माझे उपास..."

"ते माहीत आहे मला." मग आईला म्हणाले, "ह्यांना वाटीत झाकून दे. उपास सुटले की गरम करून खातील. आणि मला वाढ."

ते जमिनीवर मांडी घालून बसले, डायनिंग टेबल सोडून, वहिनींच्या पुढ्यातच. आईने ताट मांडलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि वहिनींकडे बघत घास तोंडात घातला. चावला, गिळला. दुसरा घेतला. वहिनी उभ्याच होत्या, एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात आईने दिलेली वाटी. जाताना त्यांनी वाटी छातीशी धरली आणि दार हळूच ओढून घेतलं. किल्ली ठेवायची विसरल्या.

ती वाटी दसऱ्यानंतर परत आली, नारळाच्या वड्या घालून. भाजी खाल्ली का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आईचं विरजण आणि त्यांची किल्ली हे पुढेही चालू राहिलं. ते नाव मात्र आमच्यापैकी कुणी पुन्हा काढलं नाही. सर आणि मॅडम यांचं भांडण त्यानंतरही कित्येक वर्षं चाललं, आणि मी तिथून नोकरी सोडली तेव्हाही ते मिटलेलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं, दार बंद झाल्यानंतरचं. अण्णा ताटावर बसलेले होते, हात थांबलेला. ताटात निम्मी भाकरी आणि थोडी भाजी. आई त्यांच्यासमोर उभी होती. जे तिने मागितलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तिला ते नको होतं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"झालं," ती म्हणाली. "तिला दाखवायला खाल्लीत ना? आता ऱ्हाऊ द्या. जबरदस्ती नाय. मी वरण गरम करते."

अण्णांनी भाकरीच्या तुकड्याने ताटातली भाजी गोळा केली, कडेला लागलेला मसालासुद्धा पुसून घेतला, आणि सावकाश खाल्ला. आता बघायला कोणी नव्हतं. मी होते, पण मी हिशेबात नव्हते.

"लसूण चिरून घातलीस," ते म्हणाले.

"मग कशी घालायची?"

"ठेचून. सालीसकट. त्याने वास जिरतो. माझी आई तशी घालायची."

आई बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि सासूच्या हातच्या एकाही पदार्थाबद्दल तिने अण्णांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही आजीबद्दल एवढंच ऐकलं होतं की ती लवकर गेली.

"तुमच्याकडं तर शिजत नव्हती ना?" आई म्हणाली.

अण्णांनी ताट पुढे सरकवलं. मान वर केली नाही.

"पाऊस सरता सरता रोज शिजायची," ते म्हणाले. "दुसरं काही नसायचं घरात. वाढ अजून. आणि तू पण बस, गार होतेय."